‘दर्या’ आणि ‘दऱ्या’

डिझाइनच्या कामात प्रेरणा आणायची कुठून, हा प्रश्न शिकाऊ विद्यार्थ्यापासून मुरलेल्या डिझायनरपर्यंत सगळ्यांना छळतो. त्याचं ठरलेलं उत्तर असतं, आणखी बघा. देशोदेशीची पोस्टरं बघा, गाजलेली मुखपृष्ठं बघा. बघण्याने नजर तयार होते यात वाद नाही, पण तयार नजर असूनही कोऱ्या कागदापुढे हात अडून बसतो, हेही तितकंच खरं. देवनागरी अक्षरांचं काम करणाऱ्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळला तर हात सुटतो तो एखाद्या नेमक्या अडचणीपाशी, असं मला ठामपणे वाटतं. कामातलं समाधानही त्याच अडचणीच्या आसपास सापडतं.

एक अडचण जवळून पाहू. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांमधल्या. अर्थात एवढं अंतर, आणि कागदावर ते सगळं एका बारीकशा रेषेने तोलून धरलेलं. पहिल्या शब्दात ‘र’ हा ‘य’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दुसऱ्यात तो शिरोरेषेखाली उतरतो आणि ‘य’च्या डावीकडे पापणीच्या केसासारखा वाकून चिकटतो. हिंदीचं या रूपावाचून अडत नाही. मराठीला मात्र ते पावलोपावली लागतं: सुऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, येणाऱ्या, जाणाऱ्या. आता हे काढायला बसावं. रेषा नाजूक ठेवली तर वर्तमानपत्राच्या कागदावर ती तुटते. जाड केली तर आतली पांढरी जागा बुजते आणि अक्षराऐवजी डाग दिसतो. लांब ओढली तर मागच्या अक्षराच्या दांड्याला जाऊन भिडते. शिवाय युनिकोडमध्ये हे रूप नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून येतं. फॉन्ट करणाऱ्याने किंवा टाइप करणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष केलं की ‘येणाऱ्या’चं ‘येणार्या’ होतं, आणि तसं छापलेलं आपण रोज वाचतो. ही रेषा किती वाकवायची, कुठे थांबवायची, हे प्रश्न परदेशी पोस्टरांच्या संग्रहात सापडणार नाहीत. ते ‘य’कडे टक लावून बसलेल्यालाच पडतात, आणि एकदा पडले की सुचायला लागतं.

जुन्या छापखान्यांतही हेच घडलं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत ग्रंथांची शुद्ध, देखणी छपाई ही त्याची ओळख झाली, आणि तिथली अक्षरं पुढे दीर्घकाळ देवनागरीचा मानदंड ठरली. त्या देखणेपणामागे धातूची कटकट होती. रोमन अक्षर एका ओळीत उभं राहतं. देवनागरीत अक्षर मधे, मात्रा-वेलांटी-रफार वर, उकार-ऋकार खाली, आणि हे सगळं शिशाच्या इवल्याशा खिळ्यांवर बसवायचं. वरचं-खालचं सांभाळायला गेलं की मधलं अक्षर बारीक होतं, आणि ते मोठं केलं की मात्रांना जागा उरत नाही. निर्णयसागरच्या अक्षरांचा डौल या ओढाताणीतून आला आहे. आजचं उदाहरण म्हणजे ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट. देवनागरी किती गुबगुबीत करता येईल, हा एकच हट्ट धरून तो केलेला दिसतो. अक्षराच्या पोटातली पोकळी इतकी आक्रसते की तिची नुसती रेघ उरते, आणि तरी अक्षर वाचता येतं. ती उरलेली पांढरी रेघ म्हणजेच त्या फॉन्टचं सौंदर्य.

यावर कुणी म्हणेल, ही तर कारागिरी झाली, यात कलावंताचं स्वातंत्र्य कुठे? त्याने अक्षरकार कमल शेडगे यांनी केलेल्या मराठी नाटकांच्या जाहिराती आठवाव्यात. वर्तमानपत्रातली लहानशी चौकट, एकच काळी शाई, आजूबाजूला दहा-बारा दुसरी नाटकं. तेवढ्यात प्रेक्षकाला नुसत्या नावावरून कळलं पाहिजे की हे नाटक हसवणारं आहे, ऐतिहासिक आहे की काळजाला हात घालणारं. चित्राला जागा नाही, म्हणून चित्राचं काम अक्षराने करायचं. शेडग्यांची शीर्षकं ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यासारखी लक्षात राहतात. जागा ऐसपैस असती तर अक्षराकडून एवढी अपेक्षा ठेवावी, असं कुणाला वाटलं तरी असतं का?

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. उद्या सकाळी काम हवं म्हणणारा ग्राहक, तुटपुंजे पैसे, तिसऱ्यांदा बदललेला मजकूर, यात अडचणीकडे टक लावून बसायला वेळ कुणाला आहे? आणि समाधानाच्या गोष्टी सांगून माणसाला फुकट राबवणं सोपं असतं. हे खरं आहे, आणि कामाच्या प्रेमाखातर मोबदला सोडावा असं माझं म्हणणं मुळीच नाही. उलट अडचण हाच कामाचा गाभा मानला तर तिचे पैसे मागता येतात. इंग्रजीत लहान-मोठी धरून बावन्न अक्षरं. देवनागरीत जोडाक्षरं धरली की रूपांची संख्या शेकड्यांत जाते. ‘मुक्ता’ हा फॉन्ट सात वजनांत आहे, म्हणजे ती शेकडो रूपं बारीकपासून जाडपर्यंत सात वेळा डोळ्यांखालून जायला हवीत. ग्राहकाला हे समजावून सांगता येतं. ‘मला अजून सुचलं नाही’ याचे पैसे कुणी देत नाही. ‘जोडाक्षरं तपासायची आहेत’ याचे मात्र मागता येतात.

‘मुक्ता’ कुणालाही विनामूल्य वापरता येतो. तो वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचं नावही ठाऊक नसतं. अशा कामाचं समाधान टाळ्यांवर उभं राहूच शकत नाही. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ हे शब्द कुणी न अडखळता वाचतो आणि त्याला समुद्राची आठवणही होत नाही, तेव्हा कुणाची तरी कित्येक दिवसांची मेहनत फळाला आलेली असते. ते त्या एका माणसालाच ठाऊक असतं, आणि मला ते थोडं वाटत नाही. म्हणून कामाचा अंदाज देताना डिझायनरांनी चाचणी छपाईची एक ओळ न लाजता घालावी. साध्या वर्तमानपत्री कागदावर, बारीक अक्षरात, आणि पहिला शब्द ‘कुऱ्हाड’.