पुढे वाच

दिवाळी अंकासाठी लिहायचे म्हणजे लेखात फराळाचे ताट, अंगणातली रांगोळी आणि एखादा फुसका फटाका असायलाच हवा, असा आमच्या घरात समज आहे. यंदा मात्र मी कादंबऱ्यांविषयी लिहिणार आहे. फराळ शेवटी येईल. तो आला, हेच या लेखाचे कारण आहे.

गोष्ट श्रावणातली. माझी पुतणी एका संध्याकाळी बँकेतून परस्पर आमच्याकडे आली आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, "काका, तुम्ही इतकी वर्षं पुस्तकांवर लिहिता. प्रेम, घर आणि देव, अशा तिन्ही गोष्टी असलेली एखादी कादंबरी सांगा ना."

"तुला वाचायला?"

"छे! आजीला वाचून दाखवायला."

मी सौ.कडे पाहिले. सौ.ने माझ्याकडे पाहिले. आमच्या घरातला सगळा प्रश्न त्या एका वाक्यात होता.

आषाढात या पोरीने घरात जाहीर केले की, तिच्याच बँकेतल्या एका मुलाशी ती लग्न करणार. मुलगा वसईचा, ख्रिस्ती. धर्म कोणी कोणाचा बदलायचा नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोंदणी करायची आणि आपापला देव आपापल्यापाशी ठेवायचा, असे दोघांनी ठरवले होते. माझा धाकटा भाऊ तीन दिवस ओरडला आणि चौथ्या दिवसापासून गप्प बसला. आईने मात्र ओरडणेही केले नाही. ती माझ्याकडेच असते, वय अठ्ठ्याऐंशी. नात आली की तिने जपमाळ हातात घ्यायची आणि डोळे मिटायचे. नात गेली की माळ पुन्हा डबीत. भावाचा आरडाओरडा शेजारच्या इमारतीपर्यंत गेला होता. पण घर हलले ते आईच्या गप्प बसण्याने. ज्या नातीला तिने स्वतः मांडीवर बसवून बाराखडी शिकवली, तिच्याशी ती एक अक्षर बोलेना.

आईला वाचनाचा नाद भारी. पण आता नजर साथ देत नाही. दुपारच्या चहानंतर कोणीतरी तिला वाचून दाखवावे लागते. पोरीने ही फट बरोबर हेरली होती.

झाले! दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन दादरला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. ही संस्था १८९८ सालची, तेव्हा हवे ते पुस्तक मिळणारच, अशी खात्री होती. पण मागायचे काय? आपल्या कादंबऱ्यांत प्रेम मुबलक आहे. घरे तर वाड्यांपासून चाळींपर्यंत हवी तितकी आहेत. देवाची मात्र पंचाईत. ना. सी. फडक्यांच्या नायक-नायिकांना एकमेकांकडे पाहण्यातून देवाकडे पाहायला सवडच होत नाही. इतरांच्या कादंबऱ्यांतही देव असतो तो बहुधा देवघरात, म्हणजे घरातल्या सामानात जमा. माणसाच्या श्रद्धेला धक्का लागला म्हणजे त्याच्या प्रेमाचे आणि घराचे काय होते, हे विचारणारी कादंबरी शोधू लागलो तेव्हा बोटे मोडायला लागलो आणि एका हातावरच थांबलो.

पहिली आणली ती वामन मल्हार जोशी यांची 'सुशीलेचा देव'. १९३० सालची. वामनराव तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. त्यामुळे त्यांची पात्रे बोलू लागली की चर्चेची बैठकच भरते. पण कल्पना मोठी सुरेख. सुशीलेच्या आयुष्याबरोबर तिच्या मनातला देवही बदलत जातो. लहानपणी मूर्तीत पाहिलेला देव पुढे तिला ध्येयात दिसू लागतो. मी रोज अर्धा तास वाचीत असे. चर्चा रंगात आली की आईचा डोळा लागे. एकदा डोळे न उघडताच ती म्हणाली, "तुझे लेखक फार बोलतात रे. त्या मुलीला बोलू द्या की जरा!" मग थोड्या वेळाने, "पण देव बदलतो हे खरं आहे. लहानपणी मला देव म्हणजे नैवेद्याचा पेढाच वाटायचा."

मला हुरूप आला, आणि हुरूप आला की मी हमखास चूक करतो. दुसरे पुस्तक मी आणले ते बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन'. हे १८५७ सालचे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून पुष्कळजण हिचेच नाव घेतात. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा, म्हणजे पुस्तकाच्या आदल्याच वर्षीचा. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहतात, ऐकतात. दोघांच्या मनांची ओढ ख्रिस्ती धर्माकडे आहे. पुढे विनायक जातो, यमुना स्वतःच विधवा होते. आणि शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. बाबा पदमनजींनी स्वतः १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे हा माणूस तटस्थपणे कथा सांगत नाही, एक बाजू घेऊन उभा आहे.

सौ.ने कपाळाला हात लावला. "अहो, त्या पोरीचं लग्न जुळवताय की मोडताय? ती बाटणार नाही म्हणून सगळे जीव तोडून सांगताहेत, आणि तुम्ही आईंना नेमकं हेच वाचून दाखवताय!"

आईने शेवट ऐकला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा गृहस्थ मला त्याच्या देवळात न्यायला आलाय, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. मी काही जायची नाही." मी पुस्तक मिटले. तेव्हा ती म्हणाली, "पण त्या बायकांचं सांगितलंय ते खोटं नाही." आणि माळ न घेताच डोळे मिटून बसली.

या दोन वाक्यांवर मी पुष्कळ विचार केला आहे. श्रद्धेविषयीच्या कादंबरीत लेखकाची श्रद्धा आपल्याला पटावीच, असा काही नियम नाही. तो आपल्याला त्याच्या देवळाकडे नेऊ लागला तर खुशाल मागे फिरावे. पण वाटेत त्याने जी माणसे दाखवली ती खरी असतील, तर ती आपल्याबरोबर घरी येतात.

तिसरे पुस्तक हरिभाऊ आपट्यांचे. 'पण लक्षात कोण घेतो?' हे नाव ऐकताच आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. ती म्हणाली, "ते नको." पाच मिनिटांनी म्हणाली, "बरं, आण."

ही कादंबरी हरिभाऊंच्या 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. 'करमणूक' सुरू झाले तेव्हा हरिभाऊ अवघे सव्वीस वर्षांचे होते. सव्वीस वर्षांच्या त्या पुरुषाने एका बाईच्या तोंडून तिची स्वतःची कहाणी सांगितली, आणि ती इतकी खरी की, यमू आपल्याच माजघरात बसून बोलते आहे असे वाटते. हीही यमुनाच. बाबा पदमनजींच्या यमुनेनंतर तेहेतीस वर्षांनी आलेली; पण हिला प्रवास नाही, दुसरा धर्म नाही, दुसरे लग्न नाही. सासरचा जाच सोसल्यावर नवऱ्याबरोबर मुंबईला थाटलेल्या बिऱ्हाडातले थोडे दिवस, हेच तिचे सुख. नवरा तिला मायेने शिकवतो, माणूस म्हणून वागवतो. तो जातो, आणि मग धर्माच्या नावाखाली तिच्यावर जे कोसळते ते घरच्याच माणसांकडून. बळजबरीने तिचे केशवपन होते. तिने देव सोडलेला नाही. देवाचे नाव घेणाऱ्यांनी तिला सोडले आहे.

वाचन सुरू होऊन आठ दिवस झाले आणि माझा घसा बसला. खरे सांगायचे तर तो सौ.च्या सांगण्यावरून बसला. चार वाजता पुतणी हजर झाली, काकांचा आवाज बसला आहे असे भिंतीकडे पाहून म्हणाली आणि पुस्तक उघडून वाचू लागली. आई काही बोलली नाही. पण माळेची डबीही तिने मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चहा आल्यावर तिने एक बिस्किट बशीत ठेवून बशी पोरीच्या दिशेने सरकवली. बोलणे नाहीच.

अशा रीतीने केशवपनाचे प्रकरण आले. पोरीने ते पूर्वी वाचलेले नव्हते. वाचता वाचता तिचा आवाज कापू लागला. तिने पान हाताने झाकले आणि आजीकडे न पाहताच विचारले, "आजी, इथंच थांबू का?"

आई म्हणाली, "नको. पुढे वाच."

अडीच महिन्यांनंतर नातीशी बोललेले हे पहिले शब्द. मी आतल्या खोलीत बसलेल्या घशासकट उभा राहिलो.

प्रकरण संपल्यावर आई आपणहून बोलू लागली. तिच्या माहेरी, कोकणातल्या घरात, तिच्या वडिलांची आत्या असे. आलवण नेसणारी, डोक्यावरून पदर घेतलेली, अंधारात वावरणारी म्हातारी. तिला अक्षर येत नव्हते. आई तेव्हा नऊ वर्षांची. शाळेच्या मास्तरांकडून आलेले हेच पुस्तक ती दुपारी माजघरात आत्याआजीला वाचून दाखवत असे.

"या जागेपाशी आले," आई म्हणाली, "तशी तिनं पुस्तकावर हात ठेवला. म्हणाली, 'थांब. पुढचं मला ठाऊक आहे.' मला वाटलं, तिनं पुस्तक आधी ऐकलं असेल. खरं काय ते मला लग्न झाल्यावर कळलं. तोवर ती गेली होती. तिला विचारायचं राहिलं. मी पुन्हा ते पुस्तक हातात धरलं नाही."

खोलीत कोणी काही बोलले नाही. मग आईने नातीचा हात हातात घेतला आणि विचारले, "तुझं कोणी काही जबरीनं करणार नाही ना? ना त्यांच्याकडचे, ना आपल्याकडचे?"

पोरगी रडत होती. तिने मानेनेच नाही म्हटले.

वाचकहो, मला अडीच महिने वाटत होते की, आईला प्रश्न पडला आहे तो सोवळ्याओवळ्याचा, चर्चचा, लोक काय म्हणतील याचा. थोडासा तोही असेल. पण तिची खरी भीती निराळी होती. एकदा घराचा उंबरठा ओलांडून गेलेल्या मुलीवर धर्माच्या नावाने काय काय लादले जाते, हे तिने लहानपणी एका म्हातारीच्या हाताखालच्या पानावर पाहिले होते. आणि ते कोणाला सांगायला तिला शब्द नव्हते. ते शब्द हरिभाऊंनी पुरवले. आम्ही सगळे तिला समजावत होतो. तिचे ऐकून घ्यायचे मात्र कोणाच्या लक्षात आले नव्हते.

सध्या चौथे पुस्तक चालू आहे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ही कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. पण प्रेम, घर आणि देव यांची अशी झटापट मी कुठल्या कादंबरीत पाहिलेली नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली काही वर्षे ताटातुटीची, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही काही काळ बाईंचे सोवळे निराळेच. नवऱ्याने हाक मारली म्हणून त्या देव बदलायला धावल्या नाहीत. स्वतःच्या मनाला पटेपर्यंत थांबल्या. आणि हे सगळे इतक्या हसऱ्या भाषेत की, आई मधूनमधून पदर तोंडाला लावते. "एका घरात दोन सोवळी! स्वयंपाकाचं कसं करत असतील गं?" असे परवा तिने नातीला विचारले. तिच्या चौकशा आता व्यवहारावर येऊ लागल्या आहेत, हे चिन्ह मला चांगले वाटते.

सगळे सुरळीत झाले, असे मात्र मी लिहिणार नाही. माझा भाऊ अजून गप्पच आहे. नोंदणीच्या दिवशी तो येईल की नाही, ते सांगता येत नाही. आईनेही आपण येऊ असे कबूल केलेले नाही. पण गेल्या आठवड्यात चकलीची भाजणी दळून आली, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात काठी टेकून उभी राहिली आणि नातीला म्हणाली, "त्या मुलाला भाऊबीजेच्या आधी एकदा फराळाला बोलव. बाकीचं मग पाहू."

"आजी, त्याची आजी पण येऊ का विचारत होती. ती वसईची आहे, लाल लुगडं नेसते, मराठीच बोलते."

आईने थोडा विचार केला. "येऊ दे. तिला वाचता येतं का?"

"नजर अधू आहे म्हणतो."

"मग दुपारची यायला सांग," आई म्हणाली. "चार वाजता आपलं वाचन असतं."