बियाण्याचा माळा आणि वाऱ्याची वाट

भात पिकविणें जितकें कष्टाचें, तितकेंच त्याचें बीं सुकवून राखणें जिकिरीचें आहे. आमच्या नेरळ-कर्जताकडे वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि हल्लीं तो दिवाळीपर्यंत पाठ सोडीत नाहीं. सन २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रांत क्यार चक्रीवादळ उठलें, त्या सुमारास कोकणांत कापलेलें भात शेतांतच भिजलें. मी तेव्हां महसूल खात्यांत कारकून होतों. भिजलेल्या पिकांचे पंचनामे माझ्या हातांखालून गेले. शेतांत गेलेल्या पिकाची निदान कागदावर नोंद होते. घरांत आणून माळ्यावर खराब झालेल्या बियाण्याची नोंद कोठेंच होत नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

जुन्या घरांत ही अडचण फारशी नव्हती. भिंती कारवीच्या कुडाच्या, वर नळीचीं कौलें, खालीं चूल. चुलीचा ऊबदार धूर माळ्यावरून फिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडे. जातांना बियांतील ओल घेऊन जाई आणि किडीसही दूर ठेवी. आतां भिंती विटांच्या, छप्पर पत्र्याचें आणि चुलीच्या जागीं गॅस आला. घर पक्कें झालें, परंतु माळा कोंडला.

माझीच गोष्ट सांगतों. सेवानिवृत्त झाल्यावर मीं नव्या घराच्या माळ्यावर बियाण्याचें भात टाकलें आणि उंदीर येऊं नयेत म्हणून सर्व झरोके बुजविले. मे महिन्यांत शंभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून पाहिले, तों एकेचाळीसच उगवले. प्रमाणित बियाण्यास शेंकडा निदान ८० उगवण लागते. राबांत पेरण्यापूर्वीं कळलें, एवढेंच नशीब.

याचें कारण साध्या हिशेबानें ध्यानांत येतें. कापणीच्या वेळीं भातांत शेंकडा २० ते २५ ओलावा असतो. जूनपर्यंत बीं टिकावयाचें तर तो १३ च्या आंत यावा लागतो. म्हणजे २० टक्के ओलाव्याचें शंभर किलो भात सुकतांना सुमारें ८ किलो पाणी हवेंत जातें. माळ्यास वाट नसेल तर तें पाणी जाणार कोठें? रात्रीं गार पत्र्यास लागून तें थेंबाथेंबानें पुन्हां भातावरच पडतें.

उपाय खर्चाचा नाहीं. गरम हवा वर चढते; म्हणून वारा येण्याचा झरोका वळचणीजवळ खालीं व जाण्याचा समोरच्या बाजूस आढ्याजवळ ठेवावा, आणि वरचा खालच्याहून लहान नसावा. दोहोंस बारीक जाळी मारावी, म्हणजे उंदरांचें भय नाहीं. भात जमिनीवर न टाकतां बांबूच्या तट्ट्यांवर, खालून हवा खेळेल असें, दोन-तीन बोटें जाडीनें पसरावें व दिवसांतून तीन-चार वेळां परतावें. रात्रीं व पावसाळी दिवशीं झरोके लावून घ्यावे, नाहींतर दमट हवा सुकलेल्या बियांत पुन्हां ओल भरते. पंखा बसवावयाचा तर तो वर, हवा बाहेर ओढणारा असावा. पत्र्याखालीं दुपारीं उष्मा फार होतो. ४३ अंश सेल्सिअसच्या वर बियाचा कोंब मरतो, हेंही विसरूं नये.

कोणी म्हणेल, बाजारांत बीं मिळतें, मग ही उठाठेव कशास? संकरित भाताचें बीं दरवर्षीं विकत घ्यावेंच लागतें, हें खरें. परंतु कर्जतच्या संशोधन केंद्राच्या सरळ जाती व आपले जुने गावठी वाण यांचें बीं घरीं राखतां येतें. सन २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी-हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानें शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा व अदलाबदलीचा हक्क दिला आहे. कचेरींत राहून एक गोष्ट शिकलों, कीं कागदावरचा हक्क वापरला नाहीं तर तो कागदावरच राहतो.

तेव्हां घर बांधतांना गवंड्यास दोन झरोके आधींच सांगावे, आणि गांवोगांवच्या सोसायट्यांनीं एकेक ओलावामापक यंत्र सभासदांकरितां घेऊन ठेवावें. मीं माझे झरोके उघडले आहेत. वाचक बंधूंनीं या कापणीपूर्वीं आपापल्या माळ्यावर एकवार चढून पाहावें, ही विनंती.