‘मानधन’ नावाचा समास

शाळामास्तरांना कामाच्या मानाने पगार फारच अधिक मिळतो, असा सिद्धांत एका विद्वान गृहस्थांनी नुकताच मोठ्या आवेशाने मांडला आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, मास्तर अकराला शाळेत जातो, पाचला घरी येतो, दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी भोगतो, मुलांना धड वाचता आले नाही तरी त्याचा एक पैसा कापला जात नाही, आणि एवढे होऊन स्वतःची मुले तो खाजगी शाळेत घालतो. पूर्वीचे पंतोजी शिध्यावर राहून विद्यादान करीत, ते काय मूर्ख होते? मूर्ख नव्हते, गरीब होते. पण हा भेद गृहस्थांच्या जमाखर्चात कोठे मांडावा हे त्यांना सुचलेले दिसत नाही.

तासांचे म्हणाल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तयारीसह आठवड्याचे ४५ तास मास्तराकडून अपेक्षिलेले आहेत. मुलांना वाचता येत नाही, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि दुर्दैवाने पुष्कळ अंशी खरा आहे. परंतु मास्तराचा पगार कापल्याने मुले वाचू लागली, असे कोठे ऐकिवात नाही.

माझे खरे भांडण निराळे आहे. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत पुरती हयात घालविलेल्या मास्तराचा पगार दाखवून गृहस्थ ‘शिक्षकांचा पगार’ असे म्हणतात. त्या मास्तरावर अन्याय होतो असे मीही म्हणत नाही. पण त्याच्या शेजारच्या वर्गात, तशाच फळ्यापुढे, तेच पाठ्यपुस्तक घेऊन जो दुसरा मनुष्य उभा आहे, त्याला राज्याने २००० सालापासून ‘शिक्षणसेवक’ ही पदवी बहाल केली असून त्याला वेतन मिळत नाही, ‘मानधन’ मिळते. या शब्दापाशी मला थोडे थांबू द्यावे, कारण आयुष्यभर मुलांकडून समासांचे विग्रह करून घेतल्यामुळे ही खोड आता जाण्यासारखी नाही. ‘मानार्थ दिलेले धन’ असा विग्रह केला, तर तो तत्पुरुष होतो, आणि सभेच्या अध्यक्षाला नारळासोबत जे पाकीट मिळते त्याला तो शोभतो. परंतु संस्कृतात हा शब्द मूळचा बहुव्रीही आहे : मान हेच ज्याचे धन आहे असा तो. ज्या कोणा कारकुनाने हा शब्द सरकारी कागदावर प्रथम चढविला, तो व्याकरणात फारच निष्णात असला पाहिजे. कारण प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला २०२२ अखेरपर्यंत महिना ६,००० रुपये, म्हणजे दिवसाचे २०० रुपये, देत असता मान हेच ज्याचे धन असा मनुष्यच राज्याच्या डोळ्यांपुढे असावा. २०२३ पासून ही रक्कम १६,००० झाली हे खरे. पण त्याच कामाचे मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होते, आणि भत्ते त्याहून निराळे. हा उमेदवारीचा काळ आहे, असे कोणी म्हणेल. कचेरीतला नवा कारकूनही परिविक्षेवरच असतो. त्याला कोणी ‘दप्तरसेवक’ म्हणून अर्ध्या पगारावर बसविल्याचे मला ठाऊक नाही. शिवाय ‘पगार’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला आणि तो सरळ आहे : काम केले, पैसे टाका. मानधनाला अशी जबान नसते. ते उशिरा आले तरी कृपाच ठरते. याच्याही खाली अंशतः अनुदानित शाळांतले वीस टक्क्यांचे, चाळीस टक्क्यांचे मास्तर आहेत आणि तळाशी विनाअनुदानितातले. त्यांना मानही नाही आणि धनही नाही, म्हणून व्याकरणाची अडचणही नाही.

१९७७-७८ च्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या चोपन्न दिवसांच्या संपात अशाच एका सद्गृहस्थांशी माझी खडाजंगी झाली होती. ‘गुरूने दाम मागितला की तो गुरू राहत नाही,’ हे त्यांचे पालुपद. मी त्यांना विचारले की, तुमचा किराणेवाला उधारीच्या वहीत गुरुपद जमा करून घेतो काय? त्यानंतर वर्षभर आमचे बोलणे बंद होते; आणि खरे सांगावयाचे तर ते वर्ष बरे गेले.

पंतोजींच्या निःस्पृहतेचे गोडवे गाणाऱ्यांनी जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन अवश्य पाहावे. प्राथमिक शाळेच्या प्रशिक्षित मास्तराला महिना १२ रुपयांहून कमी असू नये, मोठ्या गावी तर १५ ते २० असावेत, असे त्यांनी आकड्यांनिशी लिहून दिले. त्याला गावचा पोस्टमास्तर किंवा स्टँपविक्या नेमावे, म्हणजे त्याची प्रतिष्ठा वाढेल, अशीही त्यांची सूचना होती. पैकी जादा कामाचा भाग आपण मनोभावे अमलात आणला : मतदारयादी, जनगणना, खिचडीच्या तांदळाचे वजन.

मग करावे काय? परिविक्षा खुशाल ठेवावी, तीन वर्षांची ठेवावी, परीक्षाही कडक घ्यावी. पण पहिल्या दिवसापासून पुरे वेतन द्यावे, आणि शाळा चालविण्याची परवानगी देताना मास्तराच्या पगाराची हमी प्रथम लिहून घ्यावी. याउपर मोठी योजना माझ्याजवळ नाही. पैसा कोठून आणावयाचा, असे गृहस्थ विचारतीलच. त्यांचे स्वतःचे निवृत्तिवेतन दरमहा ज्या खजिन्यातून बिनबोभाट येते, तेथे त्यांनी आधी चौकशी करावी.