फळ्यावरची साखर

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावण्यास सांगितले. एरव्ही प्रौढांस जडणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह मुलांतही वाढू लागला, म्हणून हे पाऊल. ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात. असावेत ५ टक्के, असे मंडळच म्हणते. (पहिल्या प्रकारचा मधुमेह आहाराने टळत नाही, तशा मुलाच्या मातापित्यांस कोणी बोल लावू नये.)

फलकाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु शीतपेयाच्या ३०० मिलीलिटरच्या बाटलीत सात-आठ चमचे साखर असते हे मुलाने वर्गात वाचावे आणि मधल्या सुट्टीत तीच बाटली फाटकापाशी विकत घ्यावी, हे शिक्षण कसले? शाळेत व फाटकापासून ५० मीटरांच्या आत असले पदार्थ विकू नयेत, असे २०२० च्या नियमावलीतच आहे. ते कितपत पाळले जाते, हे पाहावयाचे असेल त्याने शाळा सुटताना पाच मिनिटे फाटकापाशी उभे राहावे.

आपल्या गावातील बहुतेक मराठी-कन्नड शाळा या मंडळाच्या नाहीत, हे खरे. पण भिंत आहे, खडू आहे, चित्रकलेचे गुरुजी आहेत. मुख्याध्यापकांनी परिपत्रकाची वाट पाहू नये. आणि पालकांनी वाढदिवसास वर्गभर चॉकलेटे न वाटता केळी वाटावीत.