उपग्रहविद्येसाठी दोन वर्षे द्या



घरातील मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेऊन आली की पहिला विचार होतो तो नोकरीचा. तो अयोग्य आहे असे मी म्हणणार नाही. डोक्यावरचे कर्ज आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण कोणास चुकले आहे? परंतु तिने "मला आणखी दोन वर्षे उपग्रहविद्या शिकावयाची आहे" असे म्हटले, तर "ते आपले काम नव्हे" असे उत्तर तिला देऊ नका.

मी वकील आहे, अभियंता नव्हे. पण पुरावा पाहण्याची मला सवय आहे. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला सुमारे एक किलोचा 'स्वयम्' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी मुंबईच्या आय. आय. टी.तील विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोचा 'प्रथम' गेला. त्याचे काम २००७ साली सुरू झाले होते. नऊ वर्षे एका तुकडीने पुढच्या तुकडीच्या हाती ते सोपविले. ही सर्व विद्यार्थ्यांचीच करणी होय.

या विद्येत शिकवितात तरी काय? प्रथम कक्षेचे गणित. ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतो आणि सुमारे दीड तासात पृथ्वीला फेरी घालतो. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर मात्र त्याची फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीबरोबरच पुरी होते. म्हणून तो एकाच जागी दिसतो आणि आपल्या छपरावरची तबकडी एकाच दिशेस रोखून ठेवता येते. दुसरे, उपग्रहाचा रोख सांभाळणे. 'स्वयम्'मध्ये हे काम चुंबकांकडून करून घेतले होते. तिसरे, उष्णता, तेथे ती वाहून नेण्यास हवा नसते. शिवाय उड्डाणाचे हादरे, सूर्यप्रकाशावरची वीज आणि संदेशवहन आहेच. म्हणूनच यंत्र, विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स या शाखांच्या पदवीधरांनाही येथे वाव आहे.

या शास्त्रात वशिला चालत नाही. १९९९ साली अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका गटाने आकडे इंग्रजी मापात दिले आणि दुसऱ्याने ते मेट्रिक मापात धरले, हे त्याचे कारण. आकडा चुकला की मोठ्या राष्ट्राचेही यान पडते. आकडा मांडणाऱ्याचे कूळ अवकाश विचारीत नाही.

विद्यालयाच्या दारात मात्र कागद विचारले जातात, आणि तेथे आपण गाफील राहतो. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशासंबंधीच्या २००६ च्या कायद्याने अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. आय. आय. टी.तील पदव्युत्तर वर्गही त्यात येतात. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा हा हक्क मान्य झाला आहे. त्यासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात, मूळ जातीच्या उल्लेखासह लागतो. हा उल्लेख कित्येकांस बोचतो, हे मी जाणतो. परंतु दाखल्यावर जातीची नोंद करणे म्हणजे धम्म सोडणे नव्हे. झालेल्या अन्यायाचा तो पुरावा आहे, आणि पुराव्यावाचून दावा टिकत नाही. दाखला वेळेवर हाती नसल्याने प्रवेश गमावलेली मुले माझ्याकडे आलेली आहेत. तेव्हा त्यांच्यासाठी करण्यासारखे फारसे उरलेले नव्हते.

म्हणून दोन गोष्टी करा. मूल पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच दाखला काढून ठेवा आणि त्यास 'गेट' परीक्षेस बसवा. त्या परीक्षेतून प्रवेश मिळाल्यास विद्यावेतनही मिळू शकते. दोन वर्षांचा सारा भार घरावर पडेल असे नाही.

१९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशावर कोणत्याही राष्ट्रास मालकी सांगता येत नाही. परंतु त्याचा उपयोग ज्यांच्याजवळ विद्या आहे त्यांनाच करता येतो. त्यांत आपली मुले असावीत की नसावीत, याचा निर्णय पुष्कळदा आपल्याच घरात होत असतो. तो विचारपूर्वक करा.