नडगीला वेळ द्या

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी टीव्हीवर मुंबई मॅरेथॉन पाहून दुसऱ्याच पहाटे अनेक जण नवे बूट घालून बाहेर पडतात आणि दम संपेपर्यंत धावतात. काही आठवड्यांत नडगी ठणकू लागते, बूट कपाटात जातात. यात जिद्द कमी पडलेली नसते. हृदय आणि स्नायू लवकर सरावतात, हाडे आणि कंडरा मात्र महिनोन्‌महिने घेतात. आणि प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. या भाराने हाड आधी थोडे झिजते, मग भक्कम होते. मधली विश्रांती चुकवली, तर बारीक तडा जाण्याची भीती असते. अमेरिकेच्या जॉश क्लार्कने 1996 मध्ये पन्नाशीतल्या आईला नजरेसमोर ठेवून 5 किलोमीटर धावण्याच्या सरावाचा आराखडा बनवला, तो म्हणूनच आजही मोलाचा वाटतो. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे झपझप चालायचे, मग 60 सेकंद हळू धावणे आणि 90 सेकंद चालणे, असे आलटूनपालटून 20 मिनिटे. आठवड्यातून तीनच दिवस, एकूण नऊ आठवडे! पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेही हीच पद्धत स्वीकारली. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा, त्यात कमीपणा मुळीच नाही. धावताना शेजाऱ्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. आणि हाडावर एकाच जागी बोट ठेवताच दुखत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे.