शस्त्र न उचलणाऱ्यांची घरे

आपल्या बीबीजवळच्या लोणारला चक्रधरस्वामींचा मुक्काम झाला होता. यादव राजा तिथेच त्यांच्या भेटीला आल्याचे त्यांचे चरित्र ‘लीळाचरित्र’ सांगते. अहिंसा हा त्यांच्या महानुभाव पंथाच्या आचाराचा पाया. आणि त्यांच्याच काळात, 1271 च्या सुमारास, रामचंद्र यादवाने आधीचा राजा महादेव याच्या मुलाकडून, म्हणजे आपल्याच चुलतभावाकडून, देवगिरीची गादी हिसकावली. 1296 मध्ये खिलजी चालून आला. पुढच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, असे पंथाची परंपरा सांगते. अनुयायांनी ती आठवून आठवून पुन्हा उभी केली.

या अंकात अमेरिकेतल्या यादवीत (1861–65) सापडलेल्या, शस्त्र न उचलणाऱ्या अशाच कुटुंबांवर लेख आहे. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यातले मेनोनाइट आणि ब्रेदरन या ख्रिस्ती पंथांचे शेतकरी बंदूक धरत नसत, गुलामही ठेवत नसत. दक्षिणेच्या 1862 च्या कायद्याने माणशी 500 डॉलर भरून लष्करातून सूट मिळे. संशय मात्र संपला नाही. धर्मसभेसाठी सरहद्द ओलांडून उत्तरेत जाणारे ब्रेदरनांचे वडीलधारे जॉन क्लाइन जून 1864 मध्ये घोड्याला नाल मारून घेऊन परतत होते. वाटेत त्यांना गोळ्या घातल्या. सदुसष्टावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्याच वर्षी उत्तरेच्या फौजेने खोऱ्यातली धान्याची कोठारे आणि पिठाच्या गिरण्या जाळल्या.

दोन्हीकडून मार खाणाऱ्यांना भित्रे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. लोणार, मेहकर परिसरातल्या महानुभाव घरांतल्या जुन्या आठवणी वाचकांनी लिहून पाठवाव्यात; त्या आम्ही आवर्जून छापू.